मन्या, जाड्याच्या बाबतीत तुझं अर्धं बरोबर होतं

पुणे, रविवार दुपार

प्रिय मन्या,

दिवाळीत तुझा फोन येऊन गेला, मी "उद्या करतो" म्हणालो, आणि आता आंबे संपत आले. शिव्या नंतर घाल, आधी वाच. तब्येत ठीक. साखर गोळीवर, गुडघा देवावर. हिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता तिला घरातली धूळ दिसते, म्हणजे त्रास मलाच.

पत्र ओंकारमुळे. गेल्या शुक्रवारी पोरगा जर्सी सिटीच्या कुठल्याशा बारमध्ये पूल टेबलावर नाइन-बॉल (नंबरवारीने बॉल मारत जायचं, नऊ नंबर घालेल त्याचा गेम) खेळत सहाशे डॉलर घालवून आला. माईला माहीत नाही, तिला कळवायचंही नाही. मला सांगितलं, आणि सांगताना आवाज जरासुद्धा पडलेला नव्हता. सहाशेचं दुःख मला नाही, कमावता आहे, भरेल. पण म्हणतो काय, "मामा, त्याला खेळ काही विशेष येत नव्हता, पण अ‍ॅक्टिंग काय करत होता! मला ते शिकायचंय." हे ऐकलं आणि टॉकीजमागची ती दोन टेबलांची खोली आठवली, क्यूच्या काठीवर हनुवटी टेकवून जाड्याची, म्हणजे त्या अमेरिकन पूलवाल्या मिनेसोटा फॅट्सची, बाजू घेऊन भांडणारा तू आठवलास. घरात हे कुणाला सांगू? हिच्या दृष्टीने पूल म्हणजे लकडी पूल.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला: तो माणूस चुकायचा तेव्हा बॉल पॉकेटच्या कुठल्या बाजूला लागायचा? याचं लक्षच नाही. तुला हे सगळं पाठ आहे, पण पोराला लिहून द्यायचंय म्हणून तुझ्यावर आधी प्रयोग करतो. चुकलं तर दुरुस्त कर, तुला तेवढंच आवडतं.

कट मारताना, म्हणजे बॉल तिरका घालताना, पांढरा बॉल समोरच्याला नुसता ढकलत नाही, घासतो, आणि घासताना त्याला किंचित आपल्या वाटेने ओढतो. म्हणून नवशिक्याचा कट कमी पडतो, बॉल पॉकेटच्या जाड बाजूच्या कुशनला (टेबलाच्या कडेला) लागतो. मुरलेला माणूस ही ओढ हिशोबात धरून पातळ, म्हणजे बॉलच्या जरा आणखी कडेला, मारतो, आणि चुकला तरी पातळ बाजूलाच चुकतो. आता खेळ लपवणाऱ्याला (तिकडचे जुने लोक याला लेमन म्हणतात) मुद्दाम जाड चुकावं लागतं, तेही अर्ध्या बॉलाच्या आत. फार चुकलं तर नाटक दिसतं. आणि वर्षानुवर्षं हाताला पातळ चुकायची सवय लागलेली! ओंकार ज्याला अ‍ॅक्टिंग म्हणतो ती ही. चेहऱ्याची नाहीच, मनगटाची आहे, आणि पॉकेटच्या मध्यावर दहातले नऊ बॉल घालता आल्याशिवाय ती येत नाही.

दुसरी खूण पांढऱ्याची. खरा कच्चा माणूस चुकला की पांढरा कुठेही भरकटतो, दहातले सहासात वेळा समोरच्याला उघडा बॉल मिळतो. लेमनवाला चुकला की पांढरा बरोबर कुणाच्या तरी आड जाऊन बसतो, नाहीतर लांबच्या कुशनला चिकटतो, आणि तो कपाळाला हात लावून म्हणतो, "नशीब बघा." ओंकारला विचारलं, त्याच्या चुकीनंतर तुला सरळ बॉल किती वेळा मिळाला? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पहिल्या दोन सेटात मिळाला."

पहिले दोन सेट वीस-वीस डॉलरचे. ते हा जिंकला. मग शंभर, मग दोनशे, मग "खिशात आहे तेवढं". पुढचं तुला ठाऊकच.

त्यात टेबल बारचं, नाणं घालायचं, सात फुटी. तिथे पांढरा पॉकेटात पडला तर बाकीच्यांपासून वेगळा होऊन परत यावा लागतो, म्हणून तो कुठे जड असतो, कुठे आकाराने मोठा, कुठे आत लोखंड असतं. जड पांढरा असला की स्टॉप शॉटला तो जागच्या जागी थांबत नाही, चार बोटं पुढे सरकतो. ड्रॉ मारायला, म्हणजे पांढरा मागे ओढायला, दीडपट जोर लागतो, आणि जोर लावला की नेम जातो. कटनंतरसुद्धा तो नेहमीच्या काटकोनाला न जाता पुढे पुढे पळतो. आपला पोरगा रोज ऑफिसच्या क्लबात नऊ फुटी टेबलावर, सहा औंसांच्या बॉलांनी खेळणारा. तो म्हणतो, "माझी पोझिशन त्या दिवशी लागतच नव्हती." पोझिशन म्हणजे पुढच्या बॉलसाठी पांढरा हव्या जागी आणणं. कशी लागेल? समोरचा रोज त्याच बॉलने खेळतो. ते टेबल कुठल्या कुशनकडे उतरतं हेही त्याला पाठ असणार.

आणि स्पॉट, म्हणजे कच्च्याला द्यायची सवलत! हा स्पॉट ऐकून तर मी हसलोच. त्या माणसाने याला सात नंबर दिला, म्हणजे याने नऊऐवजी सात घातला तरी गेम याचा. ओंकार खूश, केवढा उदार माणूस! आता जो मुलगा एका खेपेला दोन, फार तर तीन बॉल घालतो तो सातापर्यंत स्वतःच्या बळावर पोचतोच किती वेळा? आणि तो सात "कॉल" होता, म्हणजे सांगून घालायचा. चुकून गेला तर धरायचा नाही. हे बोलणं सुरुवातीला अर्ध्या वाक्यात झालं होतं, मध्यरात्री त्यावरून वाद निघाला, आणि बघणारे सगळे त्याच्या बाजूचे. कच्च्या खेळाडूने गेम मागावेत, बॉल नव्हे. सातच्या रेसमध्ये (आधी सात गेम घेईल तो जिंकला) दोन गेम आधीच आपल्या नावावर लिहिलेले असले, तर ते हातातले असतात. तिकडे डोक्यावरच्या तारेवरचे मणी सरकवून हिशोब ठेवायचे, म्हणून त्याला अजूनही "वायरवरचे गेम" म्हणतात. किंवा ब्रेक (पहिला फटका) मागावा, आणि रॅक (बॉलांचा गठ्ठा) स्वतः लावावा. पहिल्या बॉलमागे केसाएवढी फट राहिली तरी ब्रेक मरतो, आणि फट ठेवायलाही कला लागते.

आता हिशोब, तुझ्यासाठी खास, कारण तू जन्मभर म्हणत आलास की थोडा सरस आणि बराच सरस यात फरक नसतो. समज, मी तुझ्याविरुद्ध शंभरातले पंचावन्न गेम जिंकतो. (जिंकायचोच. चिमण्याला विचार.) सातच्या रेसला माझी जिंकायची शक्यता होते साधारण ६४ टक्के. पंचवीसच्या रेसला ७६. आणि "दहाने पुढे" खेळलो, म्हणजे जो दहा गेमांची आघाडी घेईल तो पैसे उचलणार, तर ८८. खेळ तोच, हात तोच. म्हणून हसलरला, म्हणजे खेळ लपवून पैसे लुटणाऱ्याला, कुणाला नऊ-दोन धुवायचं नसतं. धुतलं की गिऱ्हाईक गेलं. तो पंचावन्नावर खूश असतो, फक्त सेट कितीचा हे त्याला ठरवू द्या. हसलरचं खरं कसब ब्रेकच्या आधीच्या त्या दहा मिनिटांच्या घासाघिशीत असतं, आणि ते आपल्या मंडईतल्या कुठल्याही मावशींना येतं.

आता जाड्या.

मी परवा रात्री बसून सगळं पुन्हा मनात मांडलं. तुझं म्हणणं, मिनेसोटा फॅट्स हाच खरा खेळाडू, मॉस्कोनी म्हणजे कारकून. माझं म्हणणं, जाड्या म्हणजे निव्वळ तोंड. मॉस्कोनी १९४१ ते १९५७ मध्ये पंधरा वेळा जगज्जेता. रुडॉल्फ वॉन्डरोनच्या, म्हणजे जाड्याच्या, नावावर एकही मोठी स्पर्धा नाही. आणि ते नावसुद्धा त्याचं नव्हे. आधी तो न्यूयॉर्क फॅट्स होता. १९६१ साली "द हसलर" सिनेमा आला, त्यात मिनेसोटा फॅट्स नावाचं पात्र, आणि हा म्हणाला, तो मीच! कादंबरीकार बिचारा सांगत राहिला की पात्र माझ्या डोक्यातलं आहे. ऐकतो कोण? गंमत बघ, त्या सिनेमाचा तांत्रिक सल्लागार होता विली मॉस्कोनी. शॉट याने दाखवायचे आणि नाव त्याने पळवायचं. मॉस्कोनीच्या जागी मी असतो तर क्यू डोक्यात घातला असता.

पण १९७८ची व्हॅलेंटाइनची मॅच घे. वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेल, टीव्हीवर समालोचक हॉवर्ड कोसेल, मॉस्कोनी चौसष्ट वर्षांचा. जाड्या पहिल्या बॉलपासून बडबडतोय, मॉस्कोनी दातओठ खात बॉल घालतोय. मॉस्कोनी सरळ जिंकला. त्यावर मी तुझ्याकडून अडीचशे रुपये वसूल केले होते, ते तू अजून पूर्ण दिलेले नाहीस. पण आता मला असं वाटतं की हरल्याने जाड्याचं काहीच गेलं नाही. लोक त्यालाच बघायला आले होते. पुढे नॅशव्हिलच्या एका हॉटेलात राहायचा आणि सहीऐवजी रबरी शिक्का मारून द्यायचा. १९८४ साली त्याला अमेरिकेच्या बिलियर्ड्स हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते महान खेळाडू म्हणून नाही, सेवेबद्दलच्या वेगळ्या विभागात. त्या विभागाचं नाव वाचलं तेव्हा तुझं माझं भांडण मिटायला हवं होतं. त्याने खेळाला गिऱ्हाईक आणून दिलं, हे मान्य. पण मन्या, ज्या दिवशी त्याचा चेहरा टीव्हीवर आला त्या दिवशी त्याचं हसलर असणं संपलं. ओळखीच्या चेहऱ्याशी पैशाला कोण खेळणार? त्यानंतर तो तिकिटं विकत होता. म्हणून अर्धं बरोबर.

आणि मॉस्कोनीच्या बाजूने मिरवायची माझी ती ५२६ची रन, म्हणजे न चुकता सलग घातलेले बॉल! ओहायोतलं स्प्रिंगफिल्ड, मार्च १९५४. चौदा बॉल घालायचे, पंधरावा रॅकच्या शेजारी अशा ठिकाणी सोडायचा की तो घालताना पांढरा गठ्ठ्यात घुसून पुढचे चौदा फोडेल. हे सदतीस वेळा, आणि वर आठ. पण ती झाली कुठे? प्रदर्शनाच्या सामन्यात, आठ फुटी टेबलावर, म्हणजे तमाशातच. हे तू कधी काढलं नाहीस म्हणून वाचलो. आता काढू नकोस.

ओंकारला मला एफ्रेन रेयेसचं सांगायचंय. १९८५ला तो फिलिपिन्सहून ह्यूस्टनला आला तेव्हा त्याचं नाव तिकडे आधीच पोचलेलं, म्हणून सीझर मोरालेस या नावाने खेळला. जाड्याने दुसऱ्याचं नाव लावलं, याने स्वतःचं लपवलं. हसलर हा दुसरा. हसतमुख, बावळा दिसणारा, कसला रुबाब नाही. आणि १९९६ला हाँगकाँगला त्याचीच अर्ल स्ट्रिकलंडशी १२०ची रेस झाली, एक लाख डॉलरला. स्ट्रिकलंड म्हणजे प्रेक्षकांशीसुद्धा भांडणारा माणूस, पण खेळ असा की मान खाली घालावी. निकाल १२०-११७. दोनशे सदतीस गेममध्ये तीनचा फरक. एक बोलका, एक मुका. तोंडाचा आणि हाताचा संबंध जोडायला गेलं तर इथे काही हाती लागत नाही.

जुगाऱ्यांमध्येही हेच. टायटॅनिक थॉम्पसन जन्माचा डावखुरा. गोल्फ उजव्या हाताने खेळायचा, जेमतेम जिंकायचा, मग म्हणायचा, दुप्पट पैज लाव, आता डाव्या हाताने खेळतो. समोरचा हसून पैसे काढायचा. १९१२ला जॉप्लिनमध्ये त्याने पूल टेबलावरून हात न लावता उडी मारून दाखवायची पैज घेतली आणि पलीकडे गादी टाकून डोकं पुढे करून झेप घेतली, तिथे टायटॅनिक हे नाव पडलं, असं सांगतात. अमॅरिलो स्लिमने टेनिसवाल्या बॉबी रिग्जशी टेबल टेनिसची पैज लावली. अट एकच, बॅट मी निवडणार, दोघांना सारखी. आणला तवा! आधी तव्याने सराव करून आला होता, हे सांगायला नकोच. आता यात तवा लोकांना दिसतो, सराव दिसत नाही. स्लिम १९७२ला पोकरचा वर्ल्ड सिरीज जिंकून टीव्हीवर गप्पा मारत बसला. चिमण्याच्या लग्नात तू तीन पत्तीला ब्लाइंड ब्लाइंड ओरडत पानं हळूच वाकवून बघायचास, तेही याच घराण्यातलं, फक्त सराव नव्हता.

म्हणून माझी काळजी. पोरगा मला रोज ट्रिक शॉटच्या रील्स पाठवतो. एका फटक्यात सहा बॉल सहा पॉकेटात. त्याला वाटतं ही उंची. बॉल एकमेकांना चिकटवून, कापडात हलकेच ठोकून खळगे पाडून लावले की ते ठरल्या रेषेतच जातात. फटका साधारण बरा बसला की पुरे. मेहनत मांडणीची असते. केसाएवढी फट राहिली की दोन बॉल पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबतात, तो व्हिडिओ कुणी टाकत नाही. याला तिकिटं विकायचा तमाशा आवडलाय, लुटला गेलाय तो लपवणाऱ्याकडून, आणि हातात मात्र अजून तीन बॉलांचा खेळ. असा माणूस पुढच्या शुक्रवारी पुन्हा जातो. मी ओरडलो तर माझ्याशी बोलणं बंद होईल आणि जाणं चालू राहील.

तर तुझ्यावर काम. एडिसनहून जर्सी सिटी तुला लांब नाही. त्याला घेऊन नीट नऊ फुटी टेबलाच्या जागी जा. उपदेश करू नकोस, तुला तो येतही नाही. वन-पॉकेट खेळ, म्हणजे ज्याने त्याने आपल्या एकाच पॉकेटात बॉल घालायचे. तू आठ घालायचे, त्याने पाच. पाहिजे तेवढं बोलू दे, अ‍ॅक्टिंग करू दे. त्या खेळात बोलून पांढरा हलत नाही, आणि तुझ्यासारखा चिक्कू माणूस त्याला दोन तास एक उघडा बॉल द्यायचा नाही. पैसे लावा, पण कॉफीचे. आणि चुकशील तेव्हा मुद्दाम जाड चूक. तिसऱ्या गेमला त्याच्या लक्षात येतं का, ते मला कळव. आलं तर मी झोपेन.

नेहाचं ठरल्याचं ऐकलं, फार छान झालं, मुलाचं नाव सांग. घर विकताय म्हणे? घाई करू नकोस. वहिनींना नमस्कार, त्यांच्या पाठीचं कसं आहे?

ओंकारचा नंबर तुझ्याकडे आहे. शुक्रवारच्या आत कर. आणि अडीचशेतले दीडशे बाकी आहेत.

तुझा,
बाळ्या