खोक्यावरच्या चित्राआधी आतल्या पिशवीचं बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की तुमच्या पेपरात बचत गटांच्या स्टॉलचे फोटो यायला लागतात, टेबलावर रंगीत खोकी, मागे बॅनर, आणि बातमीत ठरलेलं वाक्य की कोकणातली उत्पादनं आता आकर्षक पॅकिंगमध्ये. छानच आहे, मी पण त्यातलीच. सिंधुदुर्गात आम्ही बायका मिळून मालवणी मसाला, कुळथाची पिठी, घावनाचं पीठ, वड्याचं पीठ, उकडे तांदूळ विकतो आणि माझ्याकडे पॅकिंगचं काम असतं. म्हणून लिहितेय. त्या खोक्याच्या आत जी पिशवी असते ना, तिच्याबद्दल कोणी बोलतच नाही, आणि आपल्या मालाची वाट लागते ती तिथेच.

परवा शेजारच्या गावातल्या गटाचं एक खोकं माझ्याकडे आलं, मुंबईहून गिऱ्हाइकाने परत पाठवलेलं. अर्धा किलो मसाला, वर समुद्र, होडी, लाल मिरच्या, सगळं झकास छापलेलं. ब्लेडने खोक्याची एक बाजू कापून बघितली तर आतली पिशवी नुसती सोडलेली, खोक्याला कुठेच चिकटवलेली नाही. गिऱ्हाईक बाईंनी वरून पिशवीचा कोपरा कातरीने कापला असणार आणि खोकं तिरकं केलं असणार, मग पिशवी आतल्या आत घसरली, कापलेलं तोंड खोक्याच्या कडेखाली गेलं आणि मसाला डब्यात पडायच्या ऐवजी पिशवी आणि पुठ्ठा यांच्यामधे. खाली तळाच्या घड्यांमधून बारीक लाल पूड गळत होती, पुठ्ठ्यावर तेलाचे डाग, आणि पिशवीत उरलेल्या मसाल्याचे खडे झालेले. गटातली एक बाई ते बघून एवढंच म्हणाली, "आता ह्याचा काय करूचा?" मसाला कुटणारीचा काय दोष यात? मिरची चांगली, भाजणं चांगलं, आणि सगळं त्या खोक्याने घालवलं.

उपाय फार मोठा नाहीये. खोक्याच्या रुंद दोन्ही बाजूंना आतून वरच्या अंगाला गोंदाचे दोन दोन ठिपके दिले की पिशवी जागची हलत नाही. त्याहून बरं म्हणजे पिशवीचं तोंड पुढच्या आणि मागच्या झाकणाला चिकटवायचं, झाकण उघडलं की पिशवी त्याच्याबरोबर उघडते आणि झाकण मिटलं की तीही मिटते. आणि कोपऱ्यातून ओतायचं असेल तर पुठ्ठ्यावरची फाडायची टिंबटिंब रेघ आणि पिशवीचा कोपरा बरोब्बर एका जागी आले पाहिजेत, म्हणजे पिशवीचा कोपरा बाहेर ओढून त्यालाच चोच करता येते आणि माल पुठ्ठ्याला न लागता थेट डब्यात पडतो. हे सगळं डाय, म्हणजे पुठ्ठा कापायचा आणि घड्या पाडायचा साचा, बनवतानाच ठरतं, छापून झाल्यावर कोणी काही करू शकत नाही. आणि आपल्याकडे डाय कोण ठरवतं तर प्रिंटर, त्याच्याकडे आधीपासून पडलेला कुठला तरी साबणाचा नाहीतर उदबत्तीचा डाय असतो, त्यावरच आपला मसाला.

बरं, हा काही आजचा प्रश्न नाही. अमेरिकेत १८९८-९९ च्या सुमारास नॅशनल बिस्किट कंपनीने बिस्किटं पुठ्ठ्याच्या खोक्यात आणि आतून मेणकागदाचं अस्तर लावून विकायला काढली, त्याआधी तिकडे दुकानात पिंपातली सुटी बिस्किटं मिळायची आणि ती सादळायची. युनीडा बिस्किट नाव होतं, आणि जाहिरातीत रेनकोट घातलेला मुलगा, म्हंजे पाऊस असला तरी आतला माल कोरडा. मीठ तर आणखी जवळचं उदाहरण. मॉर्टन कंपनीने १९११ मधे मिठात मॅग्नेशियम कार्बोनेट घालायला सुरुवात केली म्हणून ते दमट हवेतही सुटसुटीत राहायला लागलं, आणि १९१४ पासून त्यांच्या ओतायची चोच असलेल्या गोल डब्यावर छत्री घेतलेली मुलगी आली. दोन्हीकडे जाहिरात कशाची, तर पावसात माल कोरडा राहतो याची. एवढा पाऊस आपल्याकडे पडतो पण आपल्या एका तरी पाकिटावर असं लिहिण्याची हिंमत आहे का आपली?

आपल्याकडे पावसाळ्यात हवेची आर्द्रता कित्येक दिवस ८०-९० टक्क्यांवर असते. साधं मीठ ७५ टक्क्यांच्या वर गेलं की हवेतलं पाणी ओढून ओलं व्हायला लागतं, म्हणून तर आपल्या घरात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात. पिठात ओल १३-१४ टक्क्यांच्या वर गेली की बुरशी आलीच समजा. आणि पुठ्ठ्याचं काय होतं, तर ९० टक्के आर्द्रतेत कोरूगेटेड, म्हणजे आत नागमोडी कागद असलेल्या, खोक्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, म्हणून जूनमधे एसटीच्या टपावर नाहीतर ट्रान्सपोर्टच्या गाडीत खालच्या थरातली खोकी चेपलेली निघतात. त्यामुळे पुठ्ठ्याच्या भरवशावर ओल थांबत नाही, ते काम पिशवीचंच. पुठ्ठा फक्त आकार द्यायला, पिशवीला चुरगळण्यापासून वाचवायला आणि नाव छापायला. हे शेवटचं नीट समजून घेतलं पाहिजे कारण चंदेरी पिशवी वारंवार दुमडली की घडीवर बारीक भोकं पडतात, डोळ्याला दिसत नाहीत पण मसाल्याचा वास तिथून जातो. खोक्यात ती उभी आणि नीट बसलेली राहिली तर टिकते.

पिशवी कशी नीट बसवायची याचा हिशोब मी सगळ्यांना सांगत फिरते. खोक्याचा घेर मोजा. समजा खोकं १० सेंमी बाय ६ सेंमी, तर घेर झाला ३२, म्हणजे सपाट पिशवीची आतली रुंदी निदान १६ तरी पाहिजे, बाजूच्या सीलची जागा वेगळी धरायची आणि वर थोडं सैल ठेवायचं. पिशवी घेराला कमी पडली की सगळं वजन पिशवीच्या सीलवर येतं आणि खोकं एकदा आपटलं की सील उसवतं. थोडी सैल असली की माल पसरून पुठ्ठ्याला टेकतो, वजन पुठ्ठा पेलतो. पण आपल्याकडे काय होतं की बाजारात १५ ची पिशवी तयार मिळते म्हणून १५ च घ्यायची. आणि हो, पुठ्ठ्याच्या तंतूंची दिशा पण बघायला हवी, ती खोक्याभोवती आडवी गेली तर बाजू फुगत नाहीत, उभी गेली तर पीठ बसलं की खोकं पोट काढतं. प्रिंटर मात्र शीटमधे जास्त नग बसतील तसं कापतो, त्याला विचारावंच लागतं, आपणहून सांगत नाही कोणी.

आता ओतायच्या तोंडाबद्दल, कारण हल्ली ट्रेनिंगमधे सगळ्यांना चोच पाहिजे असते, मग काही का असेना आत. तांदूळ, साखर, रवा, मीठ हे वाहतं, पीठ आणि मसाला वाहत नाही. पिठाचे कण एकमेकांना धरून राहतात, तोंडाशी कमान धरतात आणि आपण खोकं हलवत बसतो, मग एकदम भसकन ढीग पडतो. कुळथाच्या पिठीला चोच देऊन काहीच फायदा नाही, तिला पूर्ण रुंदीचं तोंड, चमचा आत जाईल एवढं, आणि परत दुमडून बंद करायला क्लिप नाहीतर चिकटपट्टी. उकड्या तांदळाला चोच शोभते, पण तोंड दाण्याच्या लांबीच्या पाच-सहा पट तरी पाहिजे, नाहीतर दाणे अडकतात, म्हणजे साधारण साडेतीन-चार सेंमी. काजूगराला तर चोच द्यायचीच नाही, त्याच हिशोबाने केवढं तोंड लागेल बघा!

मसाल्याची पिशवी कुठली, यावर आमच्यात बरीच भांडणं झालीत. साधी पॉलिथिनची पिशवी ओल बऱ्यापैकी अडवते पण वास आणि हवा अडवत नाही, म्हणून महिन्याभरात कपाट उघडलं की कपाटालाच मसाल्याचा वास आणि मसाला मात्र फिका. पीईटी (पाण्याच्या बाटलीचं असतं ते प्लॅस्टिक) आणि पॉलिथिनचं लॅमिनेट, म्हणजे दोन थर एकत्र चिकटवलेली पिशवी, बरं, मेटलाइज्ड, म्हणजे धातूचा पातळ थर दिलेलं चंदेरी, त्याहून बरं, अॅल्युमिनियम फॉइल सगळ्यात बरी पण महाग. पिठाला एवढं लागत नाही, जाड साधी पिशवी चालते, आणि ती वापरून झाल्यावर पुठ्ठा रद्दीत आणि पिशवी प्लॅस्टिकमधे असं वेगळं करता येतं, लॅमिनेटचं तसं नाही, ते कोणी घेत नाही आणि शेवटी आपल्याच किनाऱ्यावर येतं. म्हणून माझं मत असं की जिथे वासाचा प्रश्न आहे तिथेच लॅमिनेट, बाकी सगळीकडे साधी.

अजून एक, काही गट पिशवीच वगळतात आणि बटर पेपर घालून पीठ थेट खोक्यात भरतात, प्लॅस्टिक नको म्हणून. भावना चांगली पण ते करू नका. पाठीने करडा असलेला डुप्लेक्स बोर्ड रद्दी कागदापासून बनतो, त्यात जुन्या छपाईच्या शाईतली तेलं असतात आणि ती हळूहळू पिठात उतरतात. खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात बांधायला २०१८ च्या अन्नसुरक्षेच्या पॅकेजिंग नियमांनी बंदी आहे ती शाईच्या भीतीनेच. आणि नुसती पातळ पॉलिथिनची पिशवी पण ही तेलं पूर्ण अडवत नाही, त्यामुळे माल आत जास्त महिने राहणार असेल तर पांढऱ्या पाठीचा, नव्या लगद्याचा बोर्ड मागायचा.

आणि सगळं बरोबर करून सुद्धा माल खराब होतो तो सीलमुळे. पिशवीच्या तोंडाला मसाल्याची पूड लागलेली असली की सीलर दाबल्यावर वरून चिकटलेलं दिसतं, आत मात्र पुडीच्या कणाएवढी वाट राहते, आणि ओलीला तेवढी पुरे. लांब नळीचं नरसाळं थेट पिशवीत खाली सोडून भरायचं, तोंड कोरड्या कपड्याने पुसायचं, मग सील. गिरणीतून आलेलं पीठ गरम असताना कधीच भरायचं नाही, त्याची वाफ आत पिशवीला धरते. परातीत पसरून पूर्ण गार झालं की मग. भरताना खोकं दोन-तीनदा टेबलावर आपटून पीठ बसवून घ्यायचं, नाहीतर दादरला पोचेपर्यंत खोकं वरून रिकामं दिसतं आणि गिऱ्हाईक म्हणतं वजनात मारलं.

पिशवी चांगली की वाईट हे कळायला लॅबच लागते असं नाही. पिशवीत कडकडीत भाजून गार केलेलं मीठ भरा, सील करा, सोनाराकडे असतो तसल्या बारीक काट्यावर वजन करून पिशवीवर लिहा आणि पावसाळ्यात पडवीत टांगून ठेवा. दर आठवड्याला वजन करा. जेवढं वजन वाढलं तेवढं पाणी आत आलं. लॅबमधे पण तत्त्व हेच, फक्त तिथे ओल शोषणारं रसायन आणि ठरलेलं तापमान असतं. तीन-चार प्रकारच्या पिशव्या शेजारी शेजारी टांगल्या की कुठली घ्यायची ते कोणाला विचारावं लागत नाही.

आता माझं मागणं. २०२० मधे सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत युनिटला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आणि गटांच्या ब्रँडिंग-मार्केटिंगला ५० टक्क्यांपर्यंत मदत अशी तरतूद केली गेली. पैसा दिसतो तो लोगो, बॅनर आणि स्टॉलमधे. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, मुंबईत अंधेरीला १९६६ पासून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे, एवढी जाणती माणसं आपल्यापासून एका रात्रीच्या रेल्वेच्या अंतरावर आहेत. त्यांच्याकडून जिल्ह्यासाठी दोन-तीन ठरावीक मापांच्या खोक्यांचे डाय करून घ्या, एक पिठाचं, एक मसाल्याचं, एक दाण्याचं, आतल्या पिशवीच्या मापासकट आणि गोंद कुठे लावायचा त्या खुणांसकट. खोकं सगळ्या गटांचं एकच, कोरं, म्हणजे एकत्र ऑर्डर देता येईल, कारण प्रिंटर हजारांच्या खाली बोलतच नाही आणि एका गटाला हजारो खोकी परवडत नाहीत, ठेवायलाही जागा नसते, ओलीने तीच आधी वाकडी होतात. प्रत्येक गटाने आपलं नाव, लायसन नंबर, वजन, किंमत, तारीख स्टिकरवर लावावी. आणि नमुन्याची खोकी जुलैच्या पावसात एसटीने मुंबईला पाठवून परत आणून मगच डाय पक्का करावा, मे महिन्यात एसी हॉलमधे बसून नको.

तुमच्या पेपरात कृषी आणि बचत गटांचं पान असतं, त्यात या विषयावर विद्यापीठातल्या जाणत्या माणसांकडून लिहून घ्याल का? आमच्याकडची खराब झालेली खोकी कापून ठेवलेली आहेत, ज्यांना बघायची त्यांनी यावं, आम्ही दाखवू.

आपली,
एक वाचक आणि बचत गटातली सदस्य
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग