शेजारच्या काकांना, जीपच्या निमित्ताने

काका, सा. नमस्कार.

तुम्ही मुलाकडे चिंचवडला गेलात आणि पुढच्याच रविवारी जीप त्र्यंबकला जाऊन धड परत आली. तोंडावर आभार मानले असते तर 'बास कर' म्हणाला असता, म्हणून चारचौघांत लिहितोय.

ती महिंद्राची जुनी जीप, एमएम ५४०, सातपूरच्या आपल्या गल्लीत ओढून आणली, तेव्हा बाबा म्हणाले होते, थेट भंगारातच टाकायची ना. (अजूनही म्हणतात, फक्त आता पुढच्या सीटवर बसून.) डिझेल फिल्टर मी यूट्यूब बघून बदलला आणि दोन संध्याकाळी नुसता सेल मारत बसलो. बॅटरी उतरली. तिसऱ्या दिवशी तुम्ही गॅलरीतून ओरडलात, "एअर धरलीय तिनं! प्यूजोचं २११२ सीसीचं इंजिन आहे, असं मरत नसतं!" म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली होती.

खाली येऊन स्टूल टाकून बसलात. पान्याला हात लावला नाहीत. फिल्टरवरचा स्क्रू मला सैल करायला लावलात, हॅन्ड पंप मारायला लावलात. आधी फेस, मग बुडबुडे, मग नितळ डिझेल. गाडी सुरू झाली आणि सकाळी पुन्हा ठप्प.

"डिझेल कुठं गळतंय का?" तुम्ही विचारलंत. कुठंच नव्हतं. "मग टाकीपासून पंपापर्यंत बघ. तिथं पंप ओढतो. पाइपला चीर असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते."

क्लिपखाली नखाएवढी चीर निघाली. तुम्हाला ती पहिल्याच दिवशी दिसली असणार, अशी मला दाट शंका आहे.

ब्रेकच्या पाइपातली हवा काढताना पेडलवर आई. सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. मी गाडीखाली, निपलला (हवा सोडायच्या छोट्या स्क्रूला) नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. आई पेडल दाबून धरायची, मी निपल उघडायचो, आणि तो बंद करायच्या आत ती पाय उचलायची. हवा परत आत. मी तिच्यावर चिडलो, तर तुम्ही माझ्यावरच. "तू 'सोड' म्हणेपर्यंत सोडायचं नाही, हे सांगितलंस का तिला?"

नव्हतं सांगितलं.

पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), बुश, वायरिंग तुमच्यासमोरच झालं. एकच राहिलंय. पहिल्या गिअरला क्लच सोडताना गाडी थरथरते. काय झालंय ते फोनवर सांगू नका. आधी मी उघडून बघतो.

तुमचा,
शेजारचा जीपवाला