सूचना : सरावाला पाणी की स्पोर्ट्स ड्रिंक?

सर्व सभासदांना नमस्कार.

हल्ली तासाभराच्या सरावालाही स्पोर्ट्स ड्रिंकच्या बाटल्या दिसू लागल्या आहेत, म्हणून हे लिहावंसं वाटलं. एक तासापर्यंतच्या सरावाला साधं पाणी पुरतं. तेवढ्यासाठी लागणारी ऊर्जा स्नायूंतल्या ग्लायकोजेनमधून (साठवलेल्या साखरेतून) मिळते आणि घामावाटे गेलेलं मीठ पुढच्या जेवणात भरून निघतं.

दीड-दोन तासांची धाव किंवा उन्हात सलग सामने असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा स्पोर्ट्स ड्रिंकमधून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं आणि थोडं सोडियम (मिठातला घटक) मिळालेलं उपयोगी पडतं. एनर्जी ड्रिंक मात्र यात धरू नका. ते कॅफीनचं पेय आहे, सरावाला आणू नये.

आता ज्याची खरी काळजी वाटते ते. तहान नसताना पाणी ढोसू नका. जास्त प्यायल्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांमध्ये ते कमी आढळलं होतं. स्पोर्ट्स ड्रिंक भरमसाट प्यायल्यानेही हा धोका टळत नाही, कारण त्यातलं सोडियम रक्ताच्या मानाने फारच कमी असतं.

लांब सरावाआधी आणि नंतर वजन करा. वाढलेलं दिसलं तर गरजेपेक्षा जास्त प्यायलात असं समजा. धावताना किंवा नंतर डोकं दुखलं, मळमळलं, गोंधळल्यासारखं झालं तर आणखी पाणी न पिता लगेच प्रशिक्षकांना सांगा. मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं.