आई, तो घडीचा फोन गाण्यासाठी आहे

निशी-कासाई, टोकियो
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस आणि आज्जीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. तब्येत ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं आणि थंडी अजून पडलेली नाही, तेव्हा स्वेटरचं विचारू नका. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही सगळे एकदम बोलत होता, माझं कुणालाच धड ऐकू गेलं नाही. म्हणून हे लिहायला बसले. दादा, आज्जीला मोठ्यानं वाचून दाखव. मधलं गाळू नकोस.

आधी त्या फोनचं. कॉल संपल्यावर आई वहिनींना म्हणाली, की पोरीचा चांगला फोन गेला वाटतं, कसलंसं डबडं घेऊन बसलीये, सगळे पैसे इकडे लावते आणि स्वतः अशी राहते. वहिनींनी मला सांगितलं, त्यांना बोलू नकोस. आई, माझा मोठा फोन शाबूत आहे. त्याच्यावरूनच तर बोलत होते. टेबलावर दिसला तो दुसरा, घडीचा. तो मी अडचण म्हणून घेतलेला नाही, गाणी ऐकायला घेतलाय. दोन हजार दोनशे येनना पडला, म्हणजे आपले तेराशेच्या आसपास. आणि खरं सांगायचं तर गेल्या वर्षभरात स्वतःसाठी घेतलेली इतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही.

अशा फोनला इथे ‘गाराकेई’ म्हणतात. गालापागोस बेटांवरचे प्राणी जगापासून तुटून आपल्या तऱ्हेनं वाढले, तसेच जपानी मोबाईल वाढले. म्हणून गालापागोसमधलं ‘गारा’, आणि मोबाईलला ‘केताई’ म्हणतात त्यातलं ‘केई’. बाबा, आपल्या घरात पहिला मोबाईल यायच्या कितीतरी आधी, १९९९ सालीच, इथे डोकोमो या मोबाईल कंपनीच्या आय-मोड सेवेवर लोक मोबाईलवरून इंटरनेट बघत होते. २००२ च्या डिसेंबरात गायकाच्या खऱ्या आवाजातली रिंगटोन आली, २००४ मध्ये अख्खं गाणं फोनवर उतरवता यायला लागलं आणि २००६ पासून टीव्हीसुद्धा. माझ्या फोनला अजून टीव्हीची ओढायची अँटेना आहे. त्याच काळात खास गाण्यांसाठी म्हणून काही घडीचे फोन निघाले, माझा त्यातलाच. मिटलेला असताना बाहेरच्या अंगाला तीन बटणं राहतात: चालू-बंद, मागचं, पुढचं. खिशात हात घालून अंगठ्यानं चाचपडलं की कुठलं बटण ते कळतं. बघायला लागत नाही.

फोन म्हणून त्याचा आता उपयोग संपलाय. त्याला लागणारं थ्रीजी एयू कंपनीनं २०२२ च्या मार्चअखेर बंद केलं, सॉफ्टबँकनं २०२४ मध्ये, आणि डोकोमोचंही ३१ मार्च २०२६ ला बंद होतंय. त्यामुळे अकिहाबारातल्या जुन्या सामानाच्या दुकानांत हे फोन ट्रे भरभरून पडलेले असतात. दादा, तू विचारशील म्हणून सांगते, मी डोळे झाकून उचललेला नाही. ‘जंक’ अशी चिठ्ठी असलेल्या ट्रेमधला माल स्वस्त असतो, पण नंतर तक्रार चालत नाही, त्याला मी हातच लावला नाही. मागचं झाकण काढून बॅटरी फुगलेली नाही ना ते बघितलं. काही मॉडेलं आत सिम नसेल तर गाणंच वाजवत नाहीत, म्हणून घरून मेमरी कार्ड घेऊन गेले आणि दुकानातच लावून पाहिलं. बिजागरी चाळीसएक वेळा उघडली-मिटली. दुकानदार काही बोलला नाही, हसत उभा राहिला.

आता मेट्रोच्या गाडीचं सांगते, कारण तुमच्या सगळ्या काळजीचं मूळ तिथे आहे. आई, ‘फोन का उचलत नाहीस’ हे तू दर आठवड्याला विचारतेस आणि मी ‘गाडीत होते’ म्हणते. तुला वाटतं ही टाळते. मी टाळत नाही गं.

इथे गाडीत फोनवर बोलत नाहीत. कायदा नाही, दंड नाही, कुणी हटकतही नाही, पण बोलत नाहीत. आमच्या तोझाई लाइनला सकाळी पाय ठेवायला जागा नसते, छातीशी छाती लागते, आणि त्या सगळ्या गर्दीत चाकांच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नाही. पहिले काही दिवस मला वाटलं, कुणी गेलंबिलं की काय. रिंग बंद ठेवायची, त्याला ‘मॅनर मोड’ म्हणतात. फोन मॅनर मोडवर ठेवा आणि बोलणं टाळा, अशी डब्यात घोषणा होते. फोन आलाच तर माणूस तोंडावर हात धरून ‘गाडीत आहे’ एवढं पुटपुटतो आणि बंद करतो, फार गरजेचं असेल तर पुढच्या स्टेशनवर उतरून बोलतो आणि मागची गाडी पकडतो. म्हातारे, गरोदर, आजारी यांच्या राखीव बाकांपाशी तर पूर्वी फोन पूर्णच बंद करा म्हणायचे, छातीत पेसमेकर असलेल्यांना धोका नको म्हणून. २०१५ च्या ऑक्टोबरपासून पूर्वेकडच्या रेल्वे कंपन्यांनी ते ‘गर्दी असेल तेव्हा बंद करा’ इतकं सैल केलं. एवढंच नाही, कानातल्या इअरफोनमधून बाहेर येणाऱ्या आवाजालाही त्यांच्याकडे शब्द आहे, ‘ओतोमोरे’. ओतो म्हणजे आवाज, मोरे म्हणजे गळती. नळ गळावा तसा आवाज गळतो आणि शेजाऱ्याला त्याचा त्रास होतो. म्हणून मी घरीच आवाज ठरवून निघते. गाणं लावायचं, इअरफोन काढून हात लांब करायचा, ऐकू आलं तर दोन घरं कमी. हे समजायला मला सहा महिने लागले. आता मला ते पटलंय, आणि आवडतंही. एवढी माणसं एकमेकांना इतकं सांभाळून घेतात.

पण तुमचे पहाटेचे पाच म्हणजे इथले साडेआठ. तू दूध तापत ठेवून मला फोन लावतेस तेव्हा मी नेमकी गाडीत असते.

श्रावणात आज्जी न्हाणीत घसरली त्या दिवशी तुझे सहा कॉल येऊन गेले. मोठा फोन पर्सच्या तळाशी होता. त्याच्यावरच गाणी लावलेली, मध्ये ऑफिसचे मेसेज टणटण वाजायला नकोत म्हणून बाकी सगळं गप्प केलेलं. ओतेमाचीला उतरल्यावर पाहिलं. तोवर दादा आज्जीला गाडीत घालून सांगलीच्या रस्त्याला लागला होता. तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. नंतर एकदाच म्हणालीस, ‘तुझा आवाज ऐकला असता तर धीर आला असता.’ ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून हा घडीचा फोन घेतला. गाणी सगळी त्याच्यावर हलवली. मोठा फोन आता कोटाच्या वरच्या खिशात असतो, व्हायब्रेटवर, बरोबर छातीशी. गाण्यासाठी त्याला हात लावायचा नाही, त्यामुळे त्याला गप्प करायची वेळच येत नाही. सप्टेंबरात तू दोनदा सकाळी फोन केलास आणि दोन्ही वेळा मला लगेच कळलं. एकदा मोन्झेन-नाकाचोला उतरून मी फलाटावरून लावला तर म्हणालीस, ‘काही नाही, सहज केला होता.’ सहज वाटलं तरी करत जा. मला उतरायला फार तर पाच मिनिटं लागतात.

बाबांनी विचारलं होतं आवाज कसा आहे. बाबा, माणसाच्या गळ्याला उत्तम. तुमच्या भजनी मंडळाच्या कॅसेटवरून दादानं उतरवून दिलेलं सगळं यात आहे. टाळ थोडे किरकिरतात, पखवाजाचा घुमारा जरा कमी येतो, पण तुमचा वरचा सूर स्वच्छ लागतो, आणि शेजारचे काका एक मात्रा आधी उचलतात तेही कळतं. फोनचा स्वतःचा स्पीकर कामाचा नाही, इअरफोनच लावावे लागतात. त्याची जागा चपटी आहे, नेहमीची गोल पिन बसत नाही, मधला जोड वेगळा घ्यावा लागला. एमपीथ्री हा फोन घेत नाही, म्हणून दोन शनिवार बसून सगळ्या फायली बदलल्या आणि त्याला हव्या त्याच फोल्डरमध्ये टाकल्या. एक गोष्ट मात्र खटकते. दोन फायलींच्या मध्ये तो क्षणभर थांबतो. कॅसेटची बाजू उलटताना थांबायची तसं. तुमचा गजर त्यामुळे मध्येच तुटतो. बॅटरी मात्र नेटवर्क शोधायचं नसल्यानं येऊन-जाऊन तीन दिवस पुरते.

आणि देवनागरी त्याला येत नाही. नावांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. मग मी जपानी अक्षरांत नावं घातली. काताकाना म्हणून त्यांची एक लिपी आहे, बाहेरचे शब्द लिहायला वापरतात. त्यात ‘आज्जी’ अगदी जसंच्या तसं लिहिता येतं. आता पडद्यावर ‘आज्जी १’, ‘आज्जी २’ असं चौदापर्यंत आहे. आज्जी, तुझं नाव जपानीत कसं दिसतं ते पत्राच्या मागच्या बाजूला काढलंय. दादा, दाखव तिला.

त्या चौदा ओव्या मी रोज ऐकते. सहाव्या ओवीत मध्येच कुकरची शिट्टी होते आणि आई स्वयंपाकघरातून ‘गॅस बारीक करा गं’ असं ओरडते. आज्जी थांबते, खाकरते आणि तोच शब्द पुन्हा धरते. दादा म्हणाला होता ते कापून टाकू. कापू नकोस. काहीच कापू नकोस. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, बायकांच्या तोंडून ऐकून. आमच्या आज्जीकडे कुणी आलं नाही. तिच्या ओव्या तिच्याजवळ आणि आता माझ्या खिशात, एवढ्याच आहेत.

सोनीचा पहिला वॉकमन १९७९ च्या जुलैत इथेच निघाला. त्याला इअरफोनच्या दोन जागा होत्या, दोघांना मिळून ऐकता यावं म्हणून. आणि एक नारिंगी बटण होतं, ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि कानातून इअरफोन न काढता शेजाऱ्याशी बोलता यायचं. माझ्या फोनला एकच जागा आहे. गाडीत आज्जी गात असते तेव्हा मला ती दुसरी जागा फार हवीशी वाटते.

बाबा, तुम्हाला असाच एक आणते. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय, म्हणजे आपल्याकडे चालेल. त्याच्यावरून कुणाला फोन मात्र लागणार नाही, हे गावात आधीच सांगून ठेवा.

आता बाकीचं. शुक्रवारी सत्तर हजार पाठवलेत. त्यातून आधी आज्जीच्या ऑपरेशनचं दादानं मित्राकडून उचललेलं फेडा, मग सोसायटीचा हप्ता. पावसानं छाटणी लांबली हे कळलं, औषधांना कमी पडले तर तसं सांगा, लपवू नका. माझी इथे ओढाताण होत नाही. खोलीचं भाडं जाऊन व्यवस्थित उरतं.

दिवाळीला येणं जमत नाहीये. लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात आमचं काम चालू करून द्यायचं आहे आणि तिकिटंही फार वर गेलीत. रागावू नका. आकाशकंदील मी इथे खिडकीत लावणार आहे, दादानं मागच्या वेळी दिलेला.

आणखी एक सांगायचं होतं, ते मी दोन रविवार पुढे ढकललं. कंपनीनं माझी मुदत मार्च २०२७ पर्यंत वाढवली आहे आणि मी हो म्हटलंय. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर बाबा ‘तुझं तू बघ’ म्हणाले असते आणि आई गप्प बसली असती, आणि ते गप्प बसणं मला इथून सोसलं नसतं.

कराडच्या स्थळाचं म्हणाल तर मी त्यांना नाही म्हणत नाही. मुलाचा फोटो पाहिला, माहिती वाचली, माणसं बरी वाटतात. पण दीड वर्ष थांबतील का, हे तुम्हीच मोकळेपणानं विचारा. थांबणार नसतील तर त्यांना अडकवून ठेवू नका. आई, यात तुझा शब्द खाली पडतोय हे मला कळतं. मावशींना तोंड तुला द्यावं लागेल. फेब्रुवारीत बागेतली द्राक्षं उतरतील तेव्हा पंधरा दिवस येते, मुलालाही भेटते. रजा मागितली आहे आणि साहेब हो म्हणालेत.

आज्जीला वॉकरशिवाय चालायची घाई करू देऊ नका. बाबा, गोळ्या जेवणानंतर. वहिनींना आणि बाळाला गोड पापा.

तुमची,
लेक

ता. क. दादा, आज्जी ओट्यावर बसायला लागली की पुढच्या ओव्या घे. फोन तिच्या पायाशी ठेव, तोंडाजवळ धरलास तर ती लाजते. कुकर लावलेला असला तरी चालेल.