‘मदत’ या शब्दाबद्दल

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर हवामान बदलाचा विषय निघाला, तेव्हा तू म्हणालीस, “बाबा, धुराला देश नसतो. सगळ्यांनी सारखीच कपात करावी, जुने हिशेब कशाला उकरायचे? आणि श्रीमंत देश मदत करतातच की.” मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते मनात सलत राहिलं, म्हणून लिहायला बसलो.

हा हिशेब जुना होतच नाही, बाळा. कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शेकडो वर्षं हवेत राहतो. पणजोबांच्या काळात जळालेला कोळसा आजही पृथ्वी तापवतो आहे. आजवर इंधनं जाळून जेवढा कार्बन हवेत गेला, त्यातला सुमारे एक चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा. अख्ख्या आफ्रिका खंडाचा जेमतेम ३ टक्के. म्हणून तर संयुक्त राष्ट्रांच्या १९९२च्या हवामान करारात ‘सामायिक पण भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व आलं, म्हणजे जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही, आणि त्यावर अमेरिकेनंही सही केली.

पुढे त्या तत्त्वाची धार शब्दाशब्दानं बोथट केली गेली. २०१५ साली पॅरिसमध्ये नव्या हवामान कराराच्या अंतिम मसुद्यात विकसित देशांच्या उत्सर्जन कपातीबद्दल बंधनकारक क्रियापद होतं. अमेरिकेची हरकत आली आणि ‘केलीच पाहिजे’चं ‘करावी’ झालं. हा बदल मसुद्यातली तांत्रिक दुरुस्ती म्हणून वाचून दाखवण्यात आला. शिवाय हवामान बदलामुळे होणाऱ्या नुकसानीच्या कलमावरून कोणाला भरपाई मागता येणार नाही, असंही सोबतच्या निर्णयात लिहून ठेवलं.

आता तुझ्या ‘मदती’कडे येतो. गरीब देशांसाठी २०२०पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू, असं वचन श्रीमंत देशांनी २००९मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत दिलं. श्रीमंत देशांच्याच हिशेबानुसार ते पहिल्यांदा पाळलं गेलं २०२२ साली, आणि त्यातल्या सरकारी पैशाचा मोठा भाग कर्ज होता. ज्यांच्या धुरामुळे समुद्र चढला, त्यांच्याकडूनच कर्ज काढून किनाऱ्यावर भिंत बांधायची, वर व्याजही त्यांनाच द्यायचं. याला मदत म्हणायला माझी जीभ वळत नाही. २०२४मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत गरीब देशांनी वर्षाला १,३०० अब्ज डॉलर मागितले. ठरले ३००, तेही २०३५पर्यंत.

त्याच फोनवर तू मांडलेल्या आणखी एका मुद्द्याशी मात्र मी सहमत आहे: गरीब देशांतले श्रीमंतही गरिबांमुळे कमी दिसणाऱ्या दरडोई धुराच्या आकड्यांआड लपतात. न्याय मागणाऱ्या देशानं तो घरातही करायला हवा.

पण मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू या बेटांच्या देशाबद्दल. १९९१मध्ये, तो १९९२चा करार लिहिला जात असतानाच, या चिमुकल्या देशानं छोट्या बेट-देशांच्या वतीनं मागणी केली होती: समुद्र वाढून आमचं नुकसान होईल, त्यासाठी विमा निधी उभारा आणि पैसे श्रीमंत देशांनी भरा. नुकसानीसाठी निधी हवा हे जगानं मान्य केलं २०२२ साली. एकतीस वर्षं! दरम्यान २०१९मध्ये पॅसिफिकमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. वानुआतूनं तो उचलून धरला. २३ जुलै २०२५ला न्यायालयानं मत दिलं की हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येऊ शकते. हे मत सल्लावजा आहे, बंधनकारक नाही. तरी ‘भरपाई’ हा जो शब्द पॅरिसमध्ये दाराबाहेर ठेवला होता, तो न्यायालयातून आत आला.

ते विद्यार्थी तुझ्याच वयाचे होते. न्यायालयाचं ते मत मी छापून ठेवलं आहे. सुट्टीत आलीस की दोघं मिळून वाचू, आणि तरीही पटलं नाही तर पुन्हा वाद घाल.

तुझे,
बाबा