मंत्रिमहोदय, आधी पॅनेल वाचा

मा. मंत्रिमहोदय,

इमारतींच्या अग्निसुरक्षेची तपासणी आपल्या खात्याकडे आहे, म्हणून हे जाहीर पत्र. मागणी एकच: तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने प्रमाणपत्राची फाइल उघडण्याआधी फायर अलार्मच्या कंट्रोल पॅनेलसमोर उभं राहावं.

हे पॅनेल आग लागेपर्यंत झोपलेलं असतं, असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. साध्या, झोनवार (म्हणजे इमारतीचे भाग पाडून जोडलेल्या) पॅनेलमध्ये प्रत्येक झोनच्या वायरीच्या टोकाला एक रेझिस्टर असतो आणि त्यातून सतत थोडासा प्रवाह वाहतो. डिटेक्टरला धूर जाणवला की प्रवाह वाढतो आणि पॅनेल आग जाहीर करतं. वायर तुटली की प्रवाह थांबतो. तेव्हा पॅनेल बिघाडाचा पिवळा दिवा लावतं, बझर वाजवतं. अ‍ॅड्रेसेबल (प्रत्येक डिटेक्टरला वेगळा ओळख-क्रमांक असलेलं) पॅनेल तर नेमका कुठला डिटेक्टर बोलतोय तेही सांगतं.

म्हणजे यंत्रणा स्वतःचं दुखणं स्वतःच सांगते. पण बझरची कटकट नको म्हणून तो गप्प केला जातो. खोटे अलार्म येतात (बहुतेकदा दोष धुळीने भरलेल्या किंवा स्वयंपाकघराच्या तोंडाशी लावलेल्या डिटेक्टरचा) म्हणून अख्खा झोन 'डिसेबल' केला जातो, आणि डिटेक्टर बदलायचं राहूनच जातं. अशा बंद झोनमध्ये धूर कितीही कोंडला तरी त्यावरून हूटर वाजत नाही, लिफ्ट खाली आणली जात नाही, जिन्यात धूर शिरू न देणारा पंखा सुरू होत नाही. जोडणी केलेली असली तरी या सगळ्यांना हुकूम सोडणारं पॅनेलच तिथे आंधळं असतं.

बॅटरीची गोष्ट आणखी फसवी. एनएफपीए 72 ही फायर अलार्मसाठीची अमेरिकी संहिता साधारणपणे वीज गेल्यावर 24 तास पहारा आणि त्यानंतर 5 मिनिटं अलार्म, एवढी क्षमता मागते. जुनी बॅटरी व्होल्टेज ठीक दाखवते, पण हूटरचा भार पडला की मान टाकते. मीटर लावून हे कळत नाही.

तेव्हा तपासनिसाने मुख्य वीज बंद करून हूटर वाजवावेत, एखाद्या डिटेक्टरला चाचणीचा धूर द्यावा आणि बंद ठेवलेल्या झोनची यादी मागावी. हल्लीची बहुतेक पॅनेल प्रत्येक बिघाडाची तारीख-वेळ साठवतात. ती नोंद काढून अहवालाला जोडणं आपण सक्तीचं करावं, आणि झोन कोणी, कधी, कशासाठी बंद केला याचं लेखी उत्तर इमारतीच्या व्यवस्थापनाकडून घ्यावं.

आपला,
अलार्म यंत्रणांची देखभाल करणारा एक तंत्रज्ञ