‘दिसलाच नाही’ एवढ्यावर तपास थांबवू नका

मा. परिवहन मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

बातमी बहुतेक वेळा चार ओळींची असते. ‘सायकलस्वार ट्रकखाली आला.’ ट्रक कुणीतरी चालवत होतं, हे त्या वाक्यात येतच नाही. जणू मेलेला माणूस आपणहून चाकाखाली गेला. पुढे चालकाचा जबाब येतो, ‘साहेब, दिसलाच नाही’, आणि प्रकरण थंड होतं. मी रोज सायकल चालवतो. हे पत्र त्या जबाबाबद्दल आहे.

सिग्नलला ट्रकच्या कडेला सायकल घेऊन एकदा उभे राहून पाहा. केबिनच्या काचेची खालची कड आपल्या डोक्याच्याही वर असते. मान वर करून आरशात चालकाचा चेहरा शोधायचा. तो सापडला नाही, तर त्यालाही आपण सापडलेलो नसतो. सिग्नल सुटतो. ट्रक आधी सरळ पुढे सरकतो, त्यामुळे शेजारी जागा आहे असं वाटतं. मग तो आपल्या बाजूला वळतो. मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती कोपरा कापत आत येतात. मघाशी ऐसपैस वाटलेली जागा हातभर उरते, मग तेवढीही उरत नाही. आणि हे सगळं अनेकदा माणसाच्या चालीच्या वेगात घडतं.

चालकाला खरंच दिसलं नसेल. मला ते पटतं. पण जिकडचं दिसत नाही तिकडे अवजड गाडी घालायची नाही, ही त्याची पहिली जबाबदारी. म्हणून ‘दिसलाच नाही’ म्हटल्यावर खरी चौकशी सुरू व्हायला हवी. आरसे नीट लावलेले होते का? इंडिकेटर कधी दिला? हातात फोन होता का? सलग किती तास स्टिअरिंगवर होता? आणि इथून पुढे मालकाकडे वळायला हवं: इतक्या उंच केबिनची गाडी शहरात कुणी पाठवली, आणि जास्त खेपा मारल्या तरच जास्त पैसे, हा हिशेब कुणी ठरवला?

हे अशक्य नाही, महोदय. लंडनमध्ये 12 टनांवरच्या ट्रकला केबिनमधून थेट किती दिसतं यावरून शून्य ते पाच तारे मिळतात, आणि 2021 पासून परवान्याशिवाय अशी गाडी शहरात आणली तर दंड होतो. ऑक्टोबर 2024 पासून तीनपेक्षा कमी तारे असतील, तर कॅमेरे आणि सेन्सर बसवावे लागतात. जर्मनीने 2020 मध्ये साडेतीन टनांवरच्या वाहनांना वस्तीत उजवीकडे वळताना, जिथे सायकलस्वार किंवा पादचारी असू शकतात तिथे, चालण्याच्या वेगानेच वळायचं बंधन घातलं. नेदरलँड्समध्ये भरपाईच्या बाबतीत सिद्ध करण्याचा भार मोटारवाल्यावर असतो. अपघात टाळणं आपल्या हाताबाहेरचं होतं, हे त्याने दाखवायचं. मेलेल्याच्या घरच्यांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवत मोटारवाल्याची चूक शोधत बसावं लागत नाही.

निव्वळ शिक्षेची वर्षं वाढवा, असं मी म्हणणार नाही. चालक तुरुंगात गेला आणि तीच गाडी, तेच आरसे, तीच खेप दुसऱ्याच्या हाती आली, तर रस्त्यावर काय बदललं? मृत्यू झाला की गाडीची तपासणी होईपर्यंत ती बाहेर काढू देऊ नका. खटला निकाली लागेपर्यंत चालकाला अवजड वाहन चालवू देऊ नका. मालकाचा जबाब घेणं सक्तीचं करा. आणि तपासात काय निघालं ते मृताच्या कुटुंबाला लेखी कळवा. आज अनेकांना ते वकिलाकडून, तेही अर्धवट, कळतं.

गेल्या पाच वर्षांत ट्रकखाली गेलेल्या सायकलस्वारांच्या किती प्रकरणांत वाहनमालकाला चौकशीला बोलावलं, हा आकडा आपल्या खात्याने जाहीर करावा. मी उत्तराची वाट पाहतो आहे.

आपला,
रोज सायकलने जाणारा एक नागरिक